अमायलॉइड तंतू कामाला लावायचे तर

प्रश्न थोडक्यात असा: "मटेरियल सायन्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. प्रकल्पासाठी अमायलॉइड तंतूंचा विषय मिळाला आहे. वाचायला घेतलं तर जिकडे तिकडे अल्झायमर आणि पार्किन्सन. रोगाशी जोडलेली गोष्ट नॅनोपदार्थ म्हणून कशी काय वापरतात? कार्बन नॅनोट्यूब आणि नॅनोसेल्युलोज हाताशी असताना यांचं वेगळं काय? हाताळायला धोका आहे का? आणि सुरुवात कशापासून करू?"

मी पंधराएक वर्षं हेच काम करते आहे. आधी मुद्द्याचं सांगते. अमायलॉइड तंतू, म्हणजे प्रथिनांच्या साखळ्या एकावर एक रचून झालेले काही नॅनोमीटर जाडीचे धागे, बनवणं हे या क्षेत्रातलं सगळ्यात सोपं काम. प्रथिन घ्या, आम्लात टाका, तापवा, तंतू तयार. पण तेच तंतू पुढच्या महिन्यात पुन्हा बनवणं, आणि जे काही घडलं ते तंतूंमुळेच घडलं हे सिद्ध करणं, यात माणसाचे केस पांढरे होतात. वाचलेल्या शोधनिबंधांत ही बाजू फारशी दिसत नाही, म्हणून बरंचसं उत्तर तिच्यावरच खर्च करणार आहे.

रोगाचा प्रश्न आधी मिटवू. 'अमायलॉइड' हे नावच मुळात गैरसमजातून आलेलं. 1854 मध्ये रुडॉल्फ फिर्खो यांनी मेंदूच्या ऊतीतल्या काही कणांवर आयोडीन टाकलं, स्टार्चसारखा रंग आला, म्हणून त्यांनी स्टार्चच्या लॅटिन नावावरून हे नाव ठेवलं. 1859 मध्ये फ्रिडरिख आणि केकुले यांनी अमायलॉइडच्या साठ्यांत नायट्रोजन भरपूर असल्याचं, म्हणजे ते प्रथिन असल्याचं दाखवलं. तोवर नाव रुळलं होतं. पुढची शंभरेक वर्षं हा विषय शवविच्छेदनाच्या टेबलावरच राहिला.

चित्र पालटलं ते 1998 च्या सुमाराला. क्रिस्टोफर डॉब्सन यांच्या गटाने कुठल्याच रोगाशी संबंध नसलेल्या एका छोट्या प्रथिनाचे, एका एसएच3 डोमेनचे (डोमेन म्हणजे प्रथिनाचा स्वतंत्र घडी पडणारा भाग), आम्लात अमायलॉइड तंतू बनवून दाखवले. 2001 मध्ये मायोग्लोबिनची पाळी आली. मायोग्लोबिनच्या मूळ रचनेत बीटा-पट्टी, म्हणजे साखळीचे सरळ तुकडे शेजारी लागून झालेली पट्टी, औषधालाही नाही, ते सगळं हेलिक्सचं, म्हणजे मळसूत्री वळणांचं, बनलेलं. तरी परिस्थिती बदलल्यावर त्याचेही तंतू झाले. तेव्हा लक्षात आलं की अमायलॉइड ही काही ठरावीक प्रथिनांची विकृती नाही, ती जवळपास कुठल्याही पॉलिपेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या, साखळीला जमणारी एक मांडणी आहे. मिठापासून प्रथिनापर्यंत कितीतरी पदार्थांचे स्फटिक होतात, पण 'स्फटिक' म्हटल्यावर आपल्याला मूतखडाच आठवत नाही. तसंच हे.

आणि निसर्गाने ही मांडणी आपल्या कितीतरी आधी वापरात आणली आहे. ई. कोलाय जिवाणू पेशीबाहेर 'कर्ली' नावाचे तंतू सोडतो आणि त्यांच्या आधाराने पृष्ठभागाला चिकटतो. आपल्या त्वचेतल्या रंगपेशींमध्ये पीमेल17 या प्रथिनाच्या तंतूंवर मेलॅनिन बसतं. पिट्युटरी ग्रंथीतली काही संप्रेरकं साठवणीच्या पुटिकांमध्ये अमायलॉइडसारख्या रूपात दाबून भरलेली असतात, हे 2009 मध्ये दाखवलं गेलं. यातल्या एकाही ठिकाणी रोग नाही. नेमक्या जागी, नेमक्या वेळी आणि बंदोबस्तात बनलेले तंतू आहेत हे.

आता रचना. हा भाग नीट समजला की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. साखळीचे सरळ तुकडे, म्हणजे बीटा-धागे, तंतूच्या लांबीला आडवे पडतात आणि शिडीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक रचले जातात. दोन पायऱ्यांत अंतर साधारण 0.47 नॅनोमीटर. त्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध तंतूच्या लांबीच्या दिशेने जातात. अशा शिड्या एकमेकींना पाठ लावून बसतात, त्यांच्यात सुमारे 1 नॅनोमीटर अंतर. क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या दोन ठळक खुणा याच. मधली फट बऱ्याचदा कोरडी असते आणि दोन्ही बाजूंच्या साखळ्या झिपच्या दातांसारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात. 2005 मध्ये आयझेनबर्ग यांच्या गटाने सात अमिनो आम्लांच्या एका पेप्टाइडच्या, म्हणजे छोट्या साखळीच्या, स्फटिकात हे अणूंच्या पातळीवर दाखवलं.

तंतूचा कणा हायड्रोजन बंधांचा, आणि ते बंध साखळीच्या पाठीच्या कण्यातून येतात. तो सगळ्या प्रथिनांत सारखाच, म्हणून कुठलंही प्रथिन हे करू शकतं. वेगळ्या असतात त्या बाजूला फुटलेल्या फांद्या. त्यांतल्या काही आत दडतात, काही बाहेर पाण्याकडे तोंड करून राहतात. तुमच्या कामाच्या या बाहेरच्या फांद्या.

जरा हिशेब करा. एक मायक्रोमीटर लांबीच्या तंतूत एका शिडीला 1000 भागिले 0.47, म्हणजे एकवीसशेच्या वर पायऱ्या. प्रत्येक पायरीवर तुमच्या निवडीचं एक अमिनो आम्ल, तेही ठरलेल्या दिशेला. दर अर्ध्या नॅनोमीटरला एक खुंटी असलेली, काही नॅनोमीटर जाड आणि कित्येक हजार नॅनोमीटर लांब दोरी पाण्यात आपोआप वळली जाते. 'कार्बन नॅनोट्यूब असताना हे कशाला' याचं माझं उत्तर या खुंट्यांत आहे.

पण याच हिशेबात एक सापळा आहे, आणि माझ्याकडे येणारा दर दुसरा विद्यार्थी त्यात सापडतो. समजा तुम्हाला तंतूवर एखादं एन्झाइम बसवायचं आहे. एन्झाइम पाच नॅनोमीटर रुंद, पायऱ्यांतलं अंतर अर्ध्या नॅनोमीटरहून कमी. प्रत्येक पायरीला एन्झाइम जोडलेलं पेप्टाइड दिलंत तर ते मावणार कुठे? एक तर तंतू बनणारच नाही, किंवा बनेल पण वेडावाकडा. उपाय साधा आहे: जोडकाम केलेलं पेप्टाइड आणि साधं पेप्टाइड मिसळून तंतू बनवायचे, दहा-वीस साध्यांमागे एक जोडकामाचं. प्रमाण एकदम ठरवू नका. अर्धा टक्का, दोन, पाच, दहा अशी मालिका लावा आणि काम करणाऱ्या एन्झाइमचं प्रमाण कुठे सपाट होतं ते बघा. दुसरा मार्ग म्हणजे तंतूवर फक्त एक छोटी खूण ठेवायची आणि एन्झाइम नंतर जोडायचं. कर्लीवर काम करणारे लोक स्पायटॅग-स्पायकॅचर ही एकमेकांना पक्की जोडली जाणाऱ्या तुकड्यांची जोडी त्यासाठी सर्रास वापरतात.

आता ताकदीबद्दल. 2006 मध्ये इन्सुलिनच्या तंतूंवर मोजमाप झालं: तुटण्याची ताकद साधारण 0.6 गिगापास्कल, यंग मापांक (ताठरतेचं माप) 3.3 गिगापास्कल. पहिला आकडा पोलादाच्या पंगतीत बसतो, दुसरा रेशमाच्या. 'पोलादाइतका मजबूत' हे वाक्य तिथूनच निघालं आणि प्रकल्पांच्या प्रस्तावांतून ते अजून फिरतंय. मला ते आवडत नाही. एका तंतूची ताकद आणि त्या तंतूंच्या फिल्मची ताकद यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, कारण फिल्म तुटते ती दोन तंतूंच्या मध्ये. तुम्हाला नुसती ताठरता हवी असेल तर सरळ नॅनोसेल्युलोज, म्हणजे वनस्पतींतल्या सेल्युलोजचे नॅनो आकाराचे तुकडे, घ्या. त्याच्या स्फटिकांचा मापांक 100 गिगापास्कलच्या वर जातो आणि ते स्वस्तही पडतं. अमायलॉइड तंतूच घ्यायचे ते पृष्ठभागाच्या रसायनासाठी, किंवा पाण्यात विनासायास जुळणीसाठी, किंवा जिवंत पेशीकडूनच पदार्थ बनवून घ्यायचा असेल तेव्हा. एक अपवाद मान्य करते: 2021 मध्ये फूझोंग झांग यांच्या गटाने कोळ्याच्या रेशमाच्या प्रथिनात अमायलॉइड बनवणारे तुकडे बसवले, जिवाणूंकडून ते प्रथिन बनवून घेतलं आणि त्याचे धागे ओढले, तेव्हा ताकद 1 गिगापास्कलच्या घरात गेली. पण तिथे अमायलॉइडचा तुकडा धाग्यातल्या स्फटिकी गाठींचं काम करतो. सुटे तंतू एकत्र बांधलेले नाहीत.

विजेचं म्हणाल तर प्रथिन हा विद्युतरोधक आहे. तारा करायच्या तर धातू लागतो. 2003 साली दोन कामं पाठोपाठ आली आणि या क्षेत्राची गाडी खऱ्या अर्थाने सुरू झाली. रेचेस आणि गाझिट यांनी फक्त दोन अमिनो आम्लांचं पेप्टाइड घेतलं, डायफिनाइलअॅलनिन. अल्झायमरशी संबंधित बीटा-अमायलॉइड पेप्टाइडच्या गाभ्यातली हीच जोडी. त्याच्या नळ्या बनल्या. नळीच्या पोकळीत चांदीच्या क्षारातून धातूची चांदी तयार केली, मग प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमने साचा खाऊन टाकला. हातात राहिल्या सुमारे 20 नॅनोमीटर जाडीच्या चांदीच्या तारा. त्याच वर्षी शायबेल आणि लिंडक्विस्ट यांनी यीस्टच्या सप35 या प्रायॉन प्रथिनाच्या (आपली बदललेली घडी इतर प्रतींनाही लावणाऱ्या प्रथिनाच्या) तुकड्याचे तंतू घेतले, त्यात बाहेर येणारं एक सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) बसवलं, त्याला सोन्याचे बारीक कण चिकटवले आणि त्यांवर सोनं-चांदी चढवून साधारण 100 नॅनोमीटर जाडीची वीज वाहणारी तार केली. म्हणजे पहिल्यात तंतू आतून साचा, दुसऱ्यात बाहेरून सांगाडा. यापुढे कुणी 'प्रथिनाचा तंतू स्वतःच वीज वाहतो' असं सांगितलं तर पहिला प्रश्न विचारा: मोजताना खोलीतली आर्द्रता किती होती? ओल्या तंतूतून प्रोटॉन वाहतात, आणि कोरड्या हवेत तोच आकडा कोसळतो.

वापर कुठे कुठे झालाय? सगळी जंत्री देत नाही, मला ज्यात दम वाटतो तेवढंच सांगते. पाणी शुद्धीकरण सगळ्यात पुढे आहे. चीज करताना उरणाऱ्या निवळीत, म्हणजे व्हेमधल्या प्रथिनांत, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन भरपूर असतं, आणि त्याचे तंतू जड धातू पकडतात. 121 व्या जागेवर त्याचं एक मोकळं सिस्टीन आहे, पकडण्याचं बरंचसं काम तिथे होतं. 2016 मध्ये बोलिसेट्टी आणि मेझेंगा यांनी हे तंतू सक्रिय कोळशात मिसळून पडदा केला आणि शिसं, पारा, युरेनियम पाण्यातून गाळून काढलं. त्याच गटाने पुढे या तंतूंचा हलका, स्पंजासारखा एरोजेल करून संगणकांच्या जुन्या मदरबोर्डांतलं सोनं वेचलं: 20 बोर्डांतून 450 मिलीग्रॅमचा गोळा, त्यात 91 टक्के सोनं, म्हणजे 22 कॅरट. मला हे काम आवडतं, कारण तंतूच का हा प्रश्न इथे पडत नाही. चीज उद्योगात उरणारं प्रथिन, तापवून केलेला तंतू, आणि पृष्ठभागाच्या रसायनाचाच उपयोग.

जीवशास्त्राच्या बाजूला वीर्यातल्या एका प्रथिनाच्या तुकड्याची गोष्ट आहे. 2007 मध्ये दिसलं की त्याचे तंतू एचआयव्हीला पेशींना चिकटायला मदत करतात आणि संसर्ग वाढवतात. बातमी वाईट होती, पण त्यातून पुढे कामाची कल्पना निघाली. जनुकीय उपचारात आपल्याला विषाणू पेशीत शिरायलाच हवा असतो. 2013 मध्ये 12 अमिनो आम्लांचं ईएफ-सी नावाचं पेप्टाइड आलं. ते क्षणार्धात तंतू बनवतं, विषाणूंना धरतं आणि पेशींवर नेऊन बसवतं. कर्लीच्या क्षेत्रात 2014 हे वर्ष मोठं: कर्ली ज्याचे बनतात त्या सीएसजीए प्रथिनाला समुद्री शिंपल्याच्या चिकट पायाचं प्रथिन जोडून पाण्याखाली चिकटणारा पदार्थ केला गेला, आणि जिवाणूची अख्खी बायोफिल्मच (जिवाणूंचा चिकट थर) हवी तशी घडवता येते हेही दिसलं. त्याच वर्षी सात अमिनो आम्लांच्या पेप्टाइडच्या तंतूंनी जस्ताच्या मदतीने एस्टर (एका प्रकारची सेंद्रिय संयुगं) तोडून दाखवले. सुटं पेप्टाइड हे करत नाही, तंतू झाल्यावरच होतं. नुसत्या तंतूकडून एन्झाइमचं काम करून घेतलं, यात मला रसायनशास्त्रज्ञ म्हणून सगळ्यात जास्त मौज वाटते, जरी उत्पादनापर्यंत ते लवकर पोचेल असं वाटत नाही.

आता तुमची सुरुवात. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन घ्या. स्वस्त आहे, हाताळायला निर्धोक आहे, आणि चुका माफ करतं. कृती सगळीकडे साधारण एकच: शुद्ध प्रथिनाचं 2 टक्के द्रावण, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच 2, मंद ढवळत 90 अंश सेल्सिअसला पाच तास, मग थेट बर्फाच्या पाण्यात. आत काय घडतं ते लक्षात ठेवा: या उष्णतेत आणि आम्लात प्रथिन आधी अॅस्पार्टिक आम्लापाशी तुटतं, आणि तंतू त्या तुकड्यांचे बनतात. तंतूत अख्खं प्रथिन आहे असं गृहीत धरून मोल मोजू नका. सगळे तुकडे तंतूत जातही नाहीत. बरेचसे तसेच पाण्यात राहतात. हा मुद्दा पुढे परत येणार आहे.

पाच तासांनी बाटली बाहेर काढलीत की ती निव्वळ पाण्यासारखी दिसेल, जरा दाट. नवशिक्याला वाटतं, फसलं. दोन पोलरॉइड फिल्टर एकमेकांना काटकोनात धरा, मध्ये बाटली, मागे दिवा. स्थिर बाटली काळोखी दिसेल. मग मनगटाने एक हलका हिसका द्या. द्रावणात पांढऱ्या ज्वाळांसारखे पट्टे उठतात, वळतात आणि काही सेकंदांत विझतात. लांब तंतू प्रवाहाबरोबर एका दिशेला वळले, म्हणून प्रकाश वाट काढून आला. पट्टे आलेच नाहीत तर सूक्ष्मदर्शकाची वेळ बुक करायची घाई करू नका. बाटलीत तंतू नाहीत किंवा आखूड आहेत. कुठलंही महागडं यंत्र लागण्याआधी या एका हिसक्यात अर्धं कळतं.

हमखास नडतं ते मीठ. बाजारात मिळणाऱ्या प्रथिनाच्या पावडरीत क्षार असतात, आणि ते दोन पिशव्यांत सारखे नसतात. क्षार जास्त झाले की लांब सरळ तंतूंऐवजी आखूड, गांडुळासारखे वाकडे तंतू येतात. म्हणून आधी डायलिसिस करा, म्हणजे द्रावण सूक्ष्म छिद्रांच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवा आणि क्षार बाहेर जाऊ द्या, शेवटच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजा आणि ती वहीत लिहा. मी विद्यार्थ्यांच्या वहीत पहिली नजर त्या आकड्यावर टाकते.

पीएच बदलणं हा दुसरा फटका. तंतू पीएच 2 ला धनभारित असतात, एकमेकांना दूर ढकलतात, आणि फ्रिजमध्ये महिनोन् महिने नीट राहतात. पण तुम्हाला वापर हवा आहे पीएच 7 ला, आणि वाटेत साधारण 5 च्या आसपास त्यांचा भार शून्य होतो. थेंब थेंब अल्कली टाकत हळूहळू वर नेलंत तर सगळं त्या टप्प्यावर दह्यासारखं फाटतं. आधी विरळ करा, मग जोरात ढवळत एका झटक्यात पलीकडे न्या. हे नको असेल तर लायसोझाइम घ्या: अंड्याच्या पांढऱ्यातलं 129 अमिनो आम्लांचं प्रथिन, त्याचा भार 11 च्या आसपास शून्य होतो, त्यामुळे 7 ला तो आरामात धनभारित राहतो. फक्त त्याला तंतू व्हायला बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनपेक्षा जास्त वेळ लागतो, कधी कधी दिवस.

बीज पडण्याचा धडा मी स्वतः महागात शिकले. सुरुवातीच्या वर्षांत इन्सुलिनवर काम होतं. 60 अंश, पीएच 2 च्या खाली. इन्सुलिनमध्ये आधी काही तास काहीच घडत नाही, मग अचानक आलेख उभा चढतो. त्या शांत काळाला आम्ही लॅग म्हणतो. माझा लॅग तीन तासांचा यायचा. एका आठवड्यात तो वीस मिनिटांवर आला. मी नवीन बॅचला दोष दिला, मग थर्मामीटरला, मग हीटरला. शेवटी सापडलं ते द्रावण ढवळणाऱ्या मॅग्नेटिक बीडवर. साबणाने धुतलेल्या बीडच्या पृष्ठभागावर आधीचे तंतू चिकटलेले होते, आणि प्रत्येक प्रयोगात तेच बीज म्हणून पडत होते. सुरू असलेल्या तंतूच्या टोकाला नवं प्रथिन लगेच जोडलं जातं, त्यासाठी लॅग लागत नाही. शिवाय तंतूच्या अंगावर नवी बीजं जन्मतात, आणि ढवळताना तंतू मोडून टोकं वाढतात. त्यामुळे बीज चिमूटभर असलं तरी पुरतं. त्या दिवसापासून आमच्याकडे काच आणि बीड 1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तासभर भिजतात, आणि प्रत्येक प्रथिनाची बीड वेगळी.

हीच गोष्ट उलटून वापरता येते. चांगल्या बॅचचे तंतू सोनिकेटरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी हादरवणाऱ्या यंत्रात, तोडून आखूड करा, छोट्या नळ्यांत भरून ठेवा, आणि प्रत्येक नव्या बॅचला त्यातलं एक-दोन टक्के बीज द्या. लॅग जवळपास नाहीसा होतो आणि तंतूचं रूपही बऱ्याच अंशी बीजासारखं येतं. एकाच प्रथिनाचे तंतू एकाच बाटलीत दोन-तीन रूपांचे असू शकतात: कुणी दोन पदरी, कुणी तीन पदरी, प्रत्येकाचा पीळ वेगळा. बीज दिलं नाही तर कुठलं रूप जिंकेल ते नशिबावर. विरजण लावताना आपण कालचं चांगलं दही घेतो, त्यातलाच हा प्रकार.

मोजमापाबद्दल. थायोफ्लेविन-टी हा रंग सगळे वापरतात. 440 ते 450 नॅनोमीटरचा प्रकाश द्या, तंतू असतील तर 480 च्या आसपास चमक येते. वेळेनुसार वाढ बघायला उत्तम. पण चमक म्हणजे तंतूंचं वजन नव्हे. दोन रूपांचे तंतू तेवढ्याच वजनाला वेगळी चमक देतात, तीव्र आम्लात रंग नीट वागत नाही, आणि सोन्याचे कण जवळ असले तर ते चमक गिळून टाकतात. तंतूत किती प्रथिन गेलं हे कळायला तंतू वेगळे करून उरलेलं मोजा. लांबी-जाडी बघायला अॅटॉमिक फोर्स सूक्ष्मदर्शक पुरतो, पण नमुना पुरेसा विरळ करा. दाट थेंब सुकताना तंतू आपसूक एका दिशेला लागतात आणि लोक त्यालाच 'सुबक मांडणी' म्हणून छापतात.

आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी लावायचे प्रयोग. इथे मी एक स्वतःची फजिती सांगते. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनच्या तंतूंवर सोन्याचे कण बसवत होतो. सोन्याच्या क्षारात तंतू, वर बोरोहायड्राइड (क्षारातून धातू बाहेर काढणारं रसायन), द्रावण लालचुटुक. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात माळेत मणी ओवल्यासारखं चित्र. सगळे खूश. सहा आठवड्यांनी एका कनिष्ठ विद्यार्थ्याने सहज विचारलं, तंतू गाळून टाकून उरलेल्या पाण्यात हेच केलं तर? केलं. तसाच लाल रंग, तितकाच टिकाऊ. कण धरून ठेवण्याचं काम न जुळलेले पेप्टाइडचे तुकडे करत होते. सुकताना कण तंतूंच्या कडेला जाऊन बसत होते आणि आम्ही त्याला माळ म्हणत होतो. म्हणून आता आमच्याकडे तीन बाटल्यांशिवाय प्रयोग होत नाही: धुतलेले तंतू, गाळून आलेलं पाणी, आणि न तापवलेलं मूळ प्रथिन. धातू पकडण्याच्या प्रयोगात तर न तापवलेलं प्रथिन कधी कधी तंतूंच्या तोडीस तोड निघतं. तेव्हा तंतूंचा फायदा पकडण्यात नसून, ते गाळणीवर अडकतात आणि प्रथिन वाहून जातं यात असतो. तो फायदाही खरा आहे, पण तो तसाच लिहावा.

आता धोका. घाबरू नका, आणि बेफिकीरही राहू नका. 2002 मध्ये डॉब्सन यांच्याच वर्तुळातून दाखवलं गेलं की रोगाशी संबंध नसलेल्या प्रथिनांचे सुरुवातीचे छोटे पुंजके पेशींना विषारी असतात, तर पूर्ण वाढलेले तंतू फारसे नाहीत. त्यामुळे अर्धवट झालेली बॅच पेशींवर टाकू नका आणि तंतू नीट धुऊन वापरा. दुसरी गोष्ट बीजाची. 2005 मध्ये उंदरांवर दिसलं की रेशमाचे, यीस्टच्या सप35 चे आणि कर्लीचे तंतू शिरेतून दिले तर, दाह सुरू असलेल्या उंदरांत एए अमायलॉइडचा रोग (दाहात वाढणाऱ्या एका प्रथिनाचे तंतू अवयवांत साचण्याचा) लवकर येतो. म्हणजे दुसऱ्याच प्रथिनाचा तंतूही बीज ठरू शकतो. अन्नातल्या तंतूंचं चित्र बरंच दिलासा देणारं आहे: 2023 मध्ये बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन आणि लायसोझाइमच्या तंतूंवर पचन, पेशी आणि एका सूक्ष्म कृमीवर चाचण्या झाल्या, त्यात ते मूळ प्रथिनांइतकेच निर्धोक निघाले. पोटात जाणं आणि शिरेत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा नियम: गाळणी, सेन्सर, उत्प्रेरक, लेप यांसाठी निर्धास्त काम करा, शरीरात सोडायची वस्तू असेल तर बीज पडण्याची चाचणी पहिल्याच वर्षी लावा, शेवटच्या वर्षी नाही. कोरडी पावडर करताना मास्क घाला. नॅनो आकाराच्या कुठल्याही तंतूला हेच लागू आहे.

बीटा-अमायलॉइड, अल्फा-सिन्युक्लिन, टाऊ, सस्तन प्राण्यांचं प्रायॉन प्रथिन, या रोगांशी जोडलेल्या प्रथिनांना पदार्थ म्हणून हात लावू नका. महाग आहेत, लहरी आहेत, आणि तुमच्या प्रकल्पाला त्यांची गरजच नाही. डायफिनाइलअॅलनिनचा मोह होईल, कारण नळ्या काही मिनिटांत दिसतात. पण ते आधी हेक्साफ्लोरोआयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळवावं लागतं; ते द्रव डोळ्यांना आणि त्वचेला घातक आहे, धूरकपाटाबाहेर उघडायचं नाही. शिवाय नळ्या भरपूर पाण्यात ठेवल्या की विरघळू लागतात. बाकी काही जमलं नाही तरच तिकडे वळा.

तुमच्या हाती प्रकल्पाचे आठ-नऊ महिने असतील असं धरून सांगते. पहिले दोन महिने फक्त तंतू बनवा. एकाच कृतीने पाच बॅचेस, वेगवेगळ्या दिवशी, जमल्यास दोन वेगळ्या हातांनी. प्रत्येकीची वाहकता, तंतूत गेलेलं प्रथिन आणि शंभर-दीडशे तंतूंच्या लांबीचा आलेख. मार्गदर्शक घाई करतील, त्यांना हे आलेख दाखवा. पाच बॅचेस जुळल्या नाहीत तर सहावी बनवण्याआधी पावडरीची पिशवी आणि मॅग्नेटिक बीड बदलून बघा.